पिंपरीच्या मैदानातली तुळई

लोकांची प्रवासवर्णनं काशीपासून किंवा रामेश्वरापासून सुरू होतात. माझं चाकणच्या कांद्याच्या बाजारात सुरू होतं आणि पिंपरीला जाऊन संपतं. हसायचं तर खुशाल हसा. तेव्हा, म्हणजे पन्नासच्या दशकात, मला पिंपरी हा परमुलूखच होता.

तिथं नवा कारखाना झाला होता. त्याच्या मैदानाच्या उद्घाटनाला परदेशी कसरतपटू येणार, ही बातमी आमचे शेजारी रहीमचाचा लॉरीवाले घेऊन आले. माझे वडील, आबा, चाकणच्या तालमीचे वस्ताद (शिकवणारे). मल्लखांबात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मलाही त्या खांबावर चढायचं होतं. तालमीच्या खिडकीतून बघून बघून सगळ्या पकडी पाठ झाल्या होत्या. पण विषय काढला की आबांचं एकच, "बाईमाणसाचं काम न्हाई ते."

मला सोबत नेलं ते चाचांमुळे. "वस्ताद, पोर सातवी पास हाय. तिथले बोर्ड कोण वाचणार, तुमी का मी?"

कांद्याच्या पोत्यांवर बसून निघालो. मोशीला इंद्रायणीकाठी भाकरी-ठेचा खाल्ला. भोसरीच्या पुढं चाक पंक्चर झालं आणि चाचांनी सगळ्या रस्त्याचा उद्धार केला. पिंपरीत पोचलो तेव्हा बँड सुरू झाला होता.

मैदानाच्या कडेला आबांनी चपला काढल्या आणि माती कपाळाला लावली. दारावरचा शिपाई म्हणाला, "अहो बाबा, चपला घालून जा. इथं चालतं."

"आखाड्यात पायताण घालून जात्यात व्हय?" आबा म्हणाले. लॉरीतून आमच्यासोबत आलेल्या चाकणकरांनीही मुकाट चपला काढल्या. शिपायानं कपाळाला हात लावला.

उद्घाटनाचा थाट काय सांगू! रंगीबेरंगी निशाणं, एका ठेक्यात पडणारी पावलं, पांढऱ्याशुभ्र पोशाखातले उंचनिंच पाहुणे. मधे एका साहेबांचं भाषण झालं, ते कर्ण्याच्या शिट्टीनंच जास्त गाजवलं. मग पुरुषांच्या कसरती झाल्या. लोंबत्या कड्यांवर एक गडी हात पसरून अधांतरी थांबला. आबा पुटपुटले, "खांदा बघ त्याचा. वर्षानुवर्षांची मेहनत हाय."

त्यानंतर मुली आल्या. तोकड्या कपड्यांतल्या, उघड्या पायांच्या. आबांनी मान खाली घातली ती घातलीच. माझं मन खट्टू झालं. जे आबांनी बघावं असं मला वाटत होतं, तेच ते बघणार नव्हते.

एक सडपातळ मुलगी कमरेएवढ्या उंचीच्या अरुंद तुळईवर चढली. मला राहवेना. "आबा, ती उलटी झाली. हातांवर उभी हाय."

मग खाली बघतच आबा म्हणाले, "पाय जुळल्यात का?"

"जुळल्यात."

"गुडघं?"

"ताठ हायत."

तेवढ्यात तिचा तोल गेला. सगळं मैदान हळहळलं.

"काय झालं?"

"पडली, आबा."

"लागलं का? उठली का?"

"उठली. परत चढतीया."

आबांनी मान वर केली. पोर ओठ घट्ट मिटून तुळईवर चढत होती. तिनं पुन्हा हात टेकले, पुन्हा पाय वर गेले. सरळ सोट उभी राहिली. खाली उतरेपर्यंत आबांची पापणी लवली नाही. उतरली तशी आबा उठले आणि भर मैदानात त्यांनी शड्डू ठोकला! लोक वळून बघायला लागले. तिनंही बघितलं आणि हसून मान लववली. मला एवढा आनंद झाला की रडूच आलं.

परतताना आबांच्या चपला गायब. चाचा म्हणाले, "वस्ताद, पायताण दान करून आलात?"

"जाऊ दे. एवढं बघितलं, ते फुकट न्हाई बघितलं," आबा म्हणाले. लॉरी चाकणकडं निघाली. मी पोत्यावर बसून विचार करत होते. कुठल्या देशाची ती पोर, तिचं नावही मला कळलं नाही. पण तिच्या बापानंही कधीतरी आधी नाहीच म्हटलं असेल.

सकाळी परसात गेले तर कडुलिंबाला दोरीच्या मल्लखांबाचा जाड दोर टांगलेला. आबा शेजारी उभे.

"तालमीत न्हाई चालणार. हितं चालंल."

मी काचा मारला, दोर धरला आणि पायांची आढी घालून उलटी झाले. आबा पाठ करून उभे राहिले. जरा वेळानं विचारलं, "पाय जुळल्यात का?"

"तुमीच बघा की," मी म्हणाले.

आबा वळले.