जे कुंदाने सांगायचं होतं

कुंदा गेल्याचं मला सहा दिवसांनी कळलं. शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखी गडचिरोलीतल्या कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात गेले, तर तिच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी बसलेली. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही सगळे नुसतं भाऊ म्हणतो, माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, तुमाले मालूम नाई?" मी म्हटलं, "सुटीवर आहे का?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुंदा गेली बाई. मागच्या बुधवारी. दवाखान्यातच गेली." अर्ज लिहून घ्यायला दोन माणसं उभी होती. नवी मुलगी टाइप करत राहिली. पुढे मी काय केलं ते आठवत नाही. भाऊंनी स्टूल पुढे सरकवलं, एवढं आठवतं.

त्या आठवड्यात मी चंद्रपूरला मावसबहिणीच्या लग्नात होते. कुंदाला ताप आला, मग छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. तिची आई दोन दिवस दवाखान्यात एकटी बसून होती, मुलीचा फोन हातात धरून. फोनला कुलूप होतं, बोटाने नक्षी काढून उघडायचं, आणि ती नक्षी कुंदाशिवाय कुणालाच येत नव्हती. कुंदाला शेवटी शेवटी बोट उचलायचीही ताकद उरली नव्हती. त्या दोन दिवसांत मी तिला लग्नाचे अकरा फोटो पाठवले. फोटो पाठवण्याऐवजी एकदा नुसता फोन केला असता, तर तिच्या आईला तो उचलता आला असता. पण मी फोन केला नाही. नवरीची साडी, जेवणाच्या पंगती, माझा नवा ड्रेस... सगळं पाठवत राहिले.

आमची ओळख सात वर्षांपूर्वीची, ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवरची. मी बी.एड. करत होते. थंडीचे दिवस होते. फलाटाच्या खांबाशी एक मुलगी जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, ओढणी दातात धरून. भोवती माणसं जमलेली. एक जण म्हणाला, "अंगात आलं तिच्या." दुसरा म्हणाला, "काई खाल्लं असंल." मी का थांबले मला माहीत नाही. मी तशी धीट नाही. मी खाली बसले आणि विचारलं, "काय होते?" तिने दातातली ओढणी सोडली. "सिकलसेल आहे मले, रक्ताची बिमारी. मरत नाई मी. पाणी दे... आन् बोलत राह्य. काई पण बोल, फक्त थांबू नको."

मग मी बोलत राहिले. माझे बाबा पाळक आहेत, आमचं चर्च पत्र्याचं आहे, एकदा शेजाऱ्यांची बकरी आत शिरली आणि बाबांचं गीतांचं पुस्तक अर्धं खाऊन गेली, मग त्या रविवारी सगळ्यांनी उरलेल्या अर्ध्यातलीच गाणी म्हटली... असलं काहीबाही. मधेच ती हसली, आणि हसल्यामुळे जास्त दुखलं म्हणून रागावली. "हाडात खिळे ठोकून राह्यलं कोणी, आन् तू हसवून राह्यली!" गडचिरोलीच्या दोन बस आमच्यासमोरून निघून गेल्या. तिसरीत आम्ही चढलो. उतरताना तिने माझं नाव विचारलं. रिबेका म्हटल्यावर म्हणाली, "लय मोठं आहे. रिबू."

बाबा सांगत, कुठलीही भेट उगीच होत नाही, परमेश्वर ती घडवून आणतो. मी हे कुंदाला मोठ्या भक्तिभावाने ऐकवलं, तर ती म्हणाली, "मंग त्यानं त्या दोन बस कायले सोडल्या? पहिलीतच बसवलं असतं तं जागा भेटली असती." ती बौद्ध. घरात आजोबांपासून बाबासाहेबांचा फोटो, आणि प्रश्न विचारल्याशिवाय काही मान्य करायचं नाही ही सवय. तरी माझ्यासोबत चर्चमध्ये यायची, सगळ्यात मागे बसायची. एकदा विचारलं, "तुह्या देवाले माह्यं नाव सांगतं का?" मी हो म्हटलं. "आडनावासकट सांग. नाईतर तो दुसऱ्याच कुंदाले बरं करून टाकंल." त्या दिवसापासून मी प्रार्थनेत तिचं पूर्ण नाव घेऊ लागले, गावासकट, जणू काही अर्जच करते आहे.

अर्ज हे तिचं काम. धानोरा रस्त्यावरच्या आपल्या गावाहून ती रोज बसने यायची आणि दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायची. आतल्या गावांतून माणसं यायची, घामाने मऊ झालेले कागद पुढे करायची आणि काहीतरी सांगता सांगता गप्प व्हायची. कुंदा घाई करत नसे. "सांगा भाऊ, तुमचंच आहे, तुमीच सांगा. मी फक्त लिवते." लोकांचं म्हणणं लोकांच्या तोंडून यायला हवं, याबद्दल ती फार हट्टी होती. हे मी रोज पाहत होते. म्हणून तर पुढे जे केलं त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला स्थळ आलं. मुलगा चंद्रपूरला एका कारखान्यात, घर ब्रह्मपुरीजवळ. दोघं भेटले, दोघांना आवडलं. कुंदा त्या दिवसांत निराळीच दिसायची. दुखणं असायचं, पण ते जणू दुसऱ्या कुणाचं होतं. मी विचारलं, "त्याले सांगतलं का?" ती म्हणाली, "रविवारी येऊन राह्यला तो. मी सांगीन. माह्या तोंडानं सांगीन. हो म्हणो का नाई म्हणो, पण माह्यापासून ऐकू दे त्याले." आणि मग बोट रोखून, "तू मधात पडू नको."

तो बुधवार होता. शुक्रवारी मी बसने ब्रह्मपुरीहून परत येत होते. आरमोरीच्या अलीकडे शेजारी बसलेल्या बाईंशी बोलणं सुरू झालं. त्या म्हणाल्या, मुलाचं जमवून राह्यलो, पोरगी धानोऱ्याकडची, टायपिंग करते. मी मूर्खासारखी बोलून गेले, "कुंदा? माही मैत्रीण आहे ते!" बाई किती खूश झाल्या. माझा हात हातात घेतला, पिशवीतली बोरं काढून दिली. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, तू देवाधर्माची दिसतं. एक विचारतो. पोरगी जराशी फिकी वाटली मले. तब्येतीनं चांगली आहे ना?"

मला हो म्हणता आलं असतं. 'तिलाच विचारा' असंही म्हणता आलं असतं, हसून, सहज. मी काहीच बोलले नाही. हातातल्या बोरांकडे बघत बसले. बाईंनी माझा हात सोडला. गडचिरोली येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

शनिवारी निरोप आला, मुलगा येणार नाही. मी कुंदाच्या गावी गेले आणि अंगणात उभं राहून तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तांदूळ निवडत होती, ते सूप खाली ठेवलं. "रविवारी सांगणार होती मी," ती म्हणाली. "एक दिवस बाकी होता, रिबू." आणि आत गेली.

तो नाहीच म्हणाला असता कदाचित. बहुतेक नाहीच म्हणाला असता. पण त्याच्यासमोर बसून सांगायचं, त्याचा चेहरा बघायचा, हे तिचं होतं. ते मी बोरांच्या बदल्यात देऊन टाकलं. बसस्टँडवरची भेट परमेश्वराने घडवली असं मी सांगत फिरत होते... मग बसमधली कुणी घडवली? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मले नाई माहीत बेटा."

आठ महिने ती बोलली नाही. मग एका दुपारी शाळेच्या फाटकाशी उभी. "चाल, भूक लागली." आम्ही समोसे खाल्ले. त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही नाही. पुढे वर्षभर भेटत राहिलो. माफी मागायची म्हणून मी कितीदा तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलले. आज नको, आज तिला दुखतंय. आज नको, आज ती हसतेय. ती एवढ्यात कुठे जाणार आहे, असं मला खरंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात तिच्या आईकडे, मावशींकडे गेले, मुक्कामाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता. भिंतीवर बुद्धांच्या शेजारी तिचा फोटो होता. मावशी मला म्हणाल्या, "तुह्या पद्धतीनं कर प्रार्थना. चालते." मी डोळे मिटले, तिचं पूर्ण नाव घेतलं आणि पुढे काय मागायचं ते सुचेना. बरं कर म्हणायची सवय होती फक्त.

मग मी मावशींना बसमधलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालूम आहे मले. सांगतलं होतं तिनं."

"काय म्हणे?"

"खूप रडली. राग होता तुह्यावर. मंग कमी झाला... पूरा गेला का, ते मले नाई सांगता येत, पोरी." मग त्याच पुढे म्हणाल्या, "तिच्यापुढं कधी बोलली नाई मी, पण लगन मोडलं तं मले बरं वाटलं होतं. दोन वर्षं माह्याजवळ राह्यली ना ते. लोकायच्या घरी कोणं पायलं असतं तिले?" आणि तोंडाला पदर लावून त्या इतक्या रडल्या की मला त्यांना धरून बसावं लागलं. आम्ही दोघी, तिच्या लग्नाच्या मोडण्यातल्या दोन वाटेकरणी.

सकाळी जाग आली तेव्हा अजून धुकं होतं. मावशी चुलीपाशी होत्या. पातेल्यातलं कढत पाणी त्यांनी एका रबरी पिशवीत भरलं, बूच घट्ट लावलं, पदराने पुसून कोरडी केली आणि खोलीच्या दारात आल्या. तिथे मात्र थांबल्या. "थंडीत हाडं धरत तिचे," त्या म्हणाल्या. "रोज भरतो मी. भरल्यावर याद येते." पिशवी घेऊन कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं. मी हात पुढे केले. कुंदाच्या जागेवर बसून मी ती पिशवी गुडघ्यांवर धरली. भाजत होती आधी. मग नुसती ऊब राहिली. मावशी समोर बसून बघत होत्या, ती पिशवी निवेपर्यंत.