मस्कादे, कालवं आणि मंजिरीचं नाक

आठ वाजून एक मिनिटानं सुपरमार्केटातल्या बाईनं माझ्यासमोरची बाटली उचलून मागे ठेवली, तेव्हा सुसंस्कृत युरोपवरचा माझा विश्वास उडाला. महामारीचा नियम: आठनंतर दारू विकायची नाही. विषाणू आठपर्यंत झोपलेला असतो आणि ठोक्याला उठून थेट वाईनच्या कपाटाकडे जातो, हे शास्त्र मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. "उद्या या," बाई काचेमागून म्हणाली. एवढा अपमान आमच्याकडे फक्त बँकेत होतो.

वाईन होती मस्कादे, फ्रान्सची पांढरी, आणि हवी होती बायकोसाठी. जानेवारीत आम्हा दोघांना कोविड झाला. माझं तापावर भागलं, मंजिरीचा मात्र वासच गेला. डॉक्टरांनी नाकाला व्यायाम सांगितला: रोज चार गोष्टी हुंगायच्या. लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि हिंगाची डबी मांडून ती रोज सकाळी पूजेला बसल्यासारखी बसे. ही अलिबागची मुलगी. फोडणीच्या वासावरून मीठ किती ते सांगणारी. तिनं नेदरलँड्समधल्या, युट्रेख्टच्या आमच्या घरात मासे करणंच सोडलं. मी रोज विचारायचो, "आला का?" मार्चअखेर ती म्हणायला लागली, "येतोय थोडा थोडा." मी खूश. वाईन हा पुढचा धडा, असं मी ठरवून टाकलं.

खरं तर मस्कादेच्या गावी, लुआर नदीच्या मुखाशी, नांतला जायचं होतं. ते बुकिंग दोनदा रद्द झालं. मग जुलैतल्या एका शनिवारी ठरवलं, फ्रान्स नाही तर निदान तिथली वाईन जिथे शोभते तिथे जाऊ: झेलांडमधल्या येर्सेके गावी, कालवांच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, बंदरावर.

जाणाऱ्यांसाठी: युट्रेख्टहून रोझनडालला गाडी बदलायची, एकूण दोन-सव्वादोन तास. घडीची सायकल गाडीत फुकट नेता येते, मास्क मात्र सक्तीचा. येर्सेकेच्या स्टेशनपासून बंदरापर्यंत सायकलनं अर्धा तास, तोही रेंगाळत. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, मग बांध, बांधावर मेंढ्या. बांध चढलो आणि पुढे पाणी की आभाळ ते कळेना. ओहोटी लागली होती. चिखल चांदीसारखा चमकत होता. मंजिरी सायकल धरून नुसती उभी राहिली.

बंदरावर मारयान नावाच्या साठीतल्या बाईंची टपरी आहे: चार लाकडी बाकं, दीड-दीड मीटरवर. इथं जेवणाआधी इतिहास वाढतात.

"ही वाईन फ्रेंचांची म्हणतात," त्या कालव उघडता उघडता म्हणाल्या, "पण करायला लावली आमच्या डच व्यापाऱ्यांनी. त्यांना ब्रँडी गाळायला स्वस्त पांढरी वाईन हवी होती. मग एका हिवाळ्यात नांतकडचे मळे गोठून मेले. बर्गंडीहून आणलेलं हे द्राक्ष थंडीला पुरून उरलं, म्हणून तेच सगळीकडे लावलं."

"म्हणजे चव नंतरचा विचार," मी म्हणालो.

"चव हा डच माणसाचा कायम नंतरचाच विचार असतो!"

बाटलीवर 'स्यूर ली' लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे हिवाळाभर गाळावरच मुरवलेली. तिला थोडा भरीवपणा येतो. कालवं, शिंपले, साधी तळलेली मासळी यांच्याबरोबर उत्तम. ठेच्याबरोबर घेऊ नका, दोघांचाही अपमान होतो. बाटली दहा युरोंच्या आसपास मिळते, टपरीवर दुप्पट.

मी बियरच्या सवयीनं बादलीत आणखी बर्फ मागितला. मारयाननी भुवई उचलली, पण दिला. मंजिरीनं हुंगायला डोळे मिटून ग्लाससाठी हात पुढे केला, आणि मला नको तो चावटपणा सुचला. मी वाईनऐवजी पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला.

तिनं मन लावून हुंगलं. "छान येतोय रे. फळासारखा."

मी हसलो नाही. तिनं डोळे उघडले, ग्लास पाहिला, मग मला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मार्चपासून. तू रोज परीक्षकासारखा समोर उभा. नापास व्हायचा कंटाळा आला."

पाणी मागे सरत होतं, दूर एक होडी चिखलात कलंडून झोपली होती, आणि मी बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला पुढे काही विचारलं नाही.

मारयाननी आमची बाटली बादलीतून काढली. "इतकी गारठवलीत तर कुणालाच वास येणार नाही. राहू दे उन्हात." आणि सहा कालवं जास्तीची ठेवून गेल्या.

अर्धा तास गेला असेल. मंजिरीनं एक कालव गिळलं, वरून घोट घ्यायला ग्लास उचलला आणि मध्येच थांबली.

"पाटी."

"काय?"

"दगडी पाटी. ओल्या फडक्यानं पुसलेली." पुन्हा हुंगलं. "गेला. नाही, आहे. ए, या वेळी खरं सांगतेय हं."

"मी कुठं विचारलंय?"

मारयानना सगळं सांगितलं, घरात बंद पडलेल्या माशांसकट, तर त्या म्हणाल्या, "वाईनवाले यालाच ओला दगड म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात." जास्तीच्या सहांचे त्यांनी घेतले नाहीत. मंजिरीला म्हणाल्या, "घरी पुन्हा मासे करशील तेव्हा कळव. तेवढं माझं येणं बाकी."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. बाहेर उजेड संपतच नव्हता.

ऑगस्ट सरला. गुलाबपाण्याचा अजून पत्ता नाही, लवंग अर्धवट, कॉफी रबरासारखी लागते म्हणते. सगळं परत आलं असं लिहिलं तर खोटं होईल. पण परवाच्या रविवारी मी दमून झोपलो होतो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, खिडकी उघड, घरभर वास होईल!"

शिंपल्यांचं सुकं होतं. मीठ जरा जास्त. मी दोनदा वाढून घेतलं.

ती वामकुक्षीला गेल्यावर मी एक पोस्टकार्ड काढलं, मारयानच्या टपरीचा पत्ता घातला, एक ओळ लिहिली: "आज केलं." तिकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या नारिंगी पेटीत टाकून आलो.