चुलीतल्या मिरच्या आणि शेवंता

मे महिन्यातला शेवटचा रविवार. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत मसाल्याच्या मिरच्यांची देठं खुडायची होती, म्हणून महाडचं औषधांचं दुकान बंद ठेवून मी सकाळीच सासरी पोचले. आधीच सांगते — भूत, करणी, चेटूक, यातलं मी काहीही मानत नव्हते. चेटकीण म्हटली की मला मालिकेतली आठवायची... मोकळे केस, लांब नखं आणि डबीभर काजळ.

देठं खुडायला आलेली शेवंता यात कुठेच बसत नव्हती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, पायांत रबरी चपला. नवरा गेल्यापासून वाडीत मिळेल ते काम करून एकटी राहते. दुपारी पुतण्याचं तान्हं पोर रडायला लागलं, तेव्हा तिने हात धुऊन त्याला जरा उचललं. त्यानंतर पोर दूध घेईना. अंगही तापलं. मी औषधाचे थेंब दिले, पण माझ्या मोठ्या जाऊबाईंचं समाधान होईना.

त्यांनी समोरच्याच ढिगातल्या मिरच्या आणि मीठ पोरावरून ओवाळून चुलीत टाकलं. ठसका आला तर काही नाही, नाही आला तर दृष्ट लागली, असं आमच्याकडे धरतात. मिरच्या जळून काळ्या झाल्या. कुणाला साधी शिंकही आली नाही.

"बघितलंस गो?" जाऊबाई मला म्हणाल्या. "ही साधी नजर नाय, चेटूक हाय! उद्या गावकीत सांगते. हिला कुणी दारात उभी करायची नाय."

"वहिनी, मग मी खाऊ काय?" शेवंता माझ्याकडे बघून म्हणाली.

"मिरच्याच फुसक्या असतील, जाऊबाई," असं म्हणून मी त्याच ढिगातली मूठभर उचलली आणि कुणावरूनही न ओवाळता चुलीत टाकली. यांचाही ठसका आला नाही की विषय संपला, असा माझा हिशोब.

पण तिखट धुराचा असा काही खाट उठला की सगळे पोराला घेऊन खोकत अंगणात पळाले. म्हणजे मिरच्या चांगल्या जहाल होत्या... आणि शेवंताची बाजू मीच पाडली होती.

बाहेरून जाऊबाई ओरडल्या, "शेवंता कुठं हाय? चेटकिणीला कसला ठसका लागतोय!"

शेवंता चुलीशीच बसली होती. धूर थेट तोंडावर येत होता आणि ती शांतपणे चष्मा पुसत होती. डोळ्यांत पाणी नाही, खोकला नाही.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला पण नाय लागत?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी तिच्या शेजारी, त्याच धुरात उभी होते. छान श्वास घेत होते.

"शेवंता, खोक," मी म्हणाले.

"काय?"

"खोकत बाहेर चल. मोठ्याने. मी पण येते."

आम्ही दोघी छाती धरून अंगणात आलो. शेवंताने तर इतका जीव तोडून खोकला काढला की जाऊबाईच तांब्या घेऊन धावल्या. "पाणी पी गो बाय, मरशील!" गावकीचं नाव मग कुणी काढलं नाही.

वारा, खिडकी, धुराची दिशा... सगळा विचार करून झाला. उत्तर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली. पोराच्या आईला आत बसवलं, शेवंताला तिच्या शेजारी. मग जाऊबाईंच्या देखत पोर शेवंताच्या मांडीवर दिलं आणि बिरवाडीच्या डॉक्टरांकडे निघाले.