स्टेपनीच्या बंपरची पिन

मुलुंडच्या एका फॅब्रिकेटरवर मी वर्षभर दात ओठ खाल्ले. त्याने बसवलेल्या बंपरमुळे माझ्या बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटं चेमटली. तुटली नाहीत, पण तेव्हापासून पूर्ण वाकत नाहीत. मूठ करायला गेली की ती दोन बोटं वेगळी उभी राहतात.

माझी गाडी चार बाय चार आहे. अशा गाडीची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. कंपनीचे टायर होते तोवर दाराने ते ओझं सोसलं. मग मी चिखलासाठी मोठे टायर घातले, स्टेपनीही तेवढीच मोठी झाली आणि दाराची बिजागरं खाली बसली. दार उचलून लावावं लागायचं. यावर उपाय म्हणजे मागचा बंपर काढून तिथे लोखंडी बंपर बसवायचा. त्याच्या एका टोकाला फाटकासारखा फिरणारा दांडा असतो आणि स्टेपनी त्या दांड्यावर बसते. दांडा बाजूला फिरवला की दार मोकळं होतं. टायर धरून त्या दांड्याचं वजन एका धडधाकट माणसाएवढं भरतं. हे मी आज सांगतो. घेताना मी फक्त पत्रा किती जाड आणि भाव किती, एवढंच पाहिलं होतं.

भाव करणं हा माझा स्वभाव आहे आणि पोटही त्यावरच भरलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी अकरावीत होतो. घाटकोपरला एका गाळ्याचा अर्धा भाग घेऊन पुठ्ठ्याची खोकी बनवायला लागलो तो कागदाच्या रिळाला हात लावून वजन सांगेपर्यंत शिकलो. कोणी सांगितलेला भाव मी आजवर दिलेला नाही. बायको आमच्याच चाळीतली, दोन खोल्या सोडून राहणारी. लग्नाआधीपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. खरेदीला आम्ही जोडीने जातो आणि कामं वाटून घेतो. मी वस्तू आवडल्यासारखं दाखवायचं, तिने खोड काढायची. शिलाई सैल आहे, रंग उडेल, दार कुरकुरतं. मग तिने पिशवी उचलून दुकानाबाहेर पडायचं आणि मी दुकानदाराला म्हणायचं, "बघा, बाई निघाल्या. आता तुम्हीच काय ते बोला." पंखे, सोफा, गाळ्यातलं कटिंग मशीन, सगळं आम्ही असंच आणलं.

मुलुंडलाही तसंच झालं. बंपर छान होता. तिने दांडा दोनदा उघडून पाहिला, खाली वाकली, बिजागरापाशी बोट घातलं आणि म्हणाली, "हा उघडा थांबत नाही. सोडला की परत येतो. मला नको हा." आणि निघाली. मी नेहमीचं वाक्य टाकलं. फॅब्रिकेटर भावात खाली उतरला. मी अजून खाली ओढला. शेवटी तो म्हणाला, "साहेब, एवढ्यात मग हा असा साधाच बसेल." मी म्हटलं, "साधाच बसव. मला काय त्याची मिरवणूक काढायची आहे?" गाडीत बसल्यावर मी शीळ घालत होतो. आज हिने काम झकास केलं, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही घाटात चहाला थांबलो. गाडी उतारावर होती, तोंड खाली. तिने थर्मास काढायला दांडा बाजूला केला, दार उघडलं, हात आत घातला. दांडा उताराने मागे आला आणि बोटं दाराच्या काठाशी सापडली. ती ओरडली नाही. "अरे, इकडे ये," एवढंच म्हणाली. त्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी मोठं झालंय.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला जाऊन त्या फॅब्रिकेटरला त्याच्याच शेडमध्ये चार माणसांसमोर धुतला. तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुम्हीच..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. आमचा गाड्यांचा गट आहे, रविवारी कच्च्या वाटांवर जातो. तिथेही मी प्रत्येकाला सांगितलं, त्याच्याकडे जाऊ नका, माणूस चोर आहे. दोघातिघांनी दिलेल्या ऑर्डरी फिरवल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पण बायको गटात यायची थांबली. खरं तर या वाटांचं वेड तिचं होतं. चिखलात चाक फिरायला लागलं की मी घाबरून ब्रेक दाबतो. ती शेजारी बसून म्हणायची, "पाय काढ रे, गाडीला जाऊ दे." आता रविवारी तिला घरात काम निघायचं. मी दांड्याला पट्टा बांधून ठेवला होता. पट्टा दाखवून म्हटलं, आता नाही हलत. ती म्हणाली, "तू जा ना. मला कंटाळा येतो." तिला कंटाळा येत नव्हता. बाजारात जातानाही ती गाडीच्या मागच्या बाजूने जायची नाही, पुढून वळसा घालून यायची. ते पाहिलं की माझं डोकं पुन्हा मुलुंडकडे फिरायचं.

शेवटी ठरवलं, हा बंपर काढून टाकायचा आणि असा आणायचा की ती परत गाडीत बसेल. या वेळी मी घाई केली नाही. अंधेरीच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे बंपर काचेमागे होता, त्यावर दिवे, जेरीकॅनची जागा, कुदळ लावायचा क्लिप. मी विचारलं, गाडी उतारावर असताना दांडा थांबतो का? विक्रेता म्हणाला, "सर, लुक बघा ना." मी निघालो. दुसऱ्या एका ठिकाणी बिजागर नुसत्या एका बोल्टवर होतं. दांडा हातभर उघडून खाली दाबला तर टोक बोटभर खाली गेलं. आणखी एकाचा टायर एवढा मधोमध होता की मागची नंबर प्लेट अर्धी झाकत होती. पहिल्याच नाक्यावर हवालदाराने बाजूला घेतलं असतं.

गोवंडीला एक म्हातारा मालवणी फॅब्रिकेटर आहे असं गाळ्यातल्या एकाने सांगितलं. चेंबूरहून आत वळल्यावर भंगाराच्या गोदामांच्या रांगेत त्याची शेड होती. त्याने नवा बंपर दाखवण्याआधी माझ्या गाडीचा जुना पाहिला. पट्टा सोडला, दांडा उघडला, चष्मा कपाळावर नेला.

"ह्या भोक कशाक मारलेला?" त्याने बिजागराजवळच्या पट्टीवरच्या भोकाकडे बोट केलं.

"मला काय माहीत? त्या चोराला विचारा."

"हयसर पिन येता. दांडो उघडलो की ती आपोआप खाली पडता, मगे दांडो हलणा नाय. खंय गेली?"

मी म्हटलं, पडली असेल, कामच तसलं. म्हातारा हसला. "पडली नाय. घातलीच नाय. भोकाच्या आत बघ, रंग कसो कोरो आसा. पिन फिरली आसती तर खरवडलो असतो." मग माझ्याकडे पाहत राहिला. "भाव खूप पाडलंस काय रे?"

मुलुंडचा 'साधा' म्हणजे काय ते मला तिथे उन्हात उभं राहून कळलं. आणि बायकोने वाकून बिजागरापाशी बोट घातलं होतं, तेही आठवलं.

घरी आलो तेव्हा ती भाजी निवडत होती. मी चप्पल न काढताच म्हाताऱ्याने सांगितलेलं पिनेचं तिला सांगितलं आणि विचारलं, "त्या दिवशी मुलुंडला तू जे बोललीस, ते खरं बोलत होतीस?"

तिने वर पाहिलं. "दांड्याचं ना? हो."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. नको म्हटलं, थांबत नाही म्हटलं, बाहेर जाऊन उभी राहिले. अजून काय करायचं?"

"मला वाटलं, नेहमीसारखं..."

"ते मला गाडीत कळलं. तू एवढा खूश होतास." तिने शेंगेची शीर ओढून काढली. "म्हटलं जाऊ दे, सांभाळून उघडू."

"आणि वर्षभर? मी त्या माणसाला शिव्या घालत फिरतोय, तू ऐकतेयस."

"तुला सांगितलं असतं तर तू स्वतःला शिव्या घालत फिरला असतास. त्याला निदान ऐकू तरी येत नव्हत्या." मग म्हणाली, "आणि तो माणूसही काही साधू नाही. पिन काढली तर बोलायचं तोंडाने. बाई पुढ्यात सांगत होती."

हे तिचं बरोबर आहे आणि आजही मी ते धरून आहे. माणसाने भाव पाडला म्हणून वस्तूतला जीव काढून घ्यायचा नसतो, आणि काढला तर सांगायचं असतं. पण चोर हा शब्द मी मागे घेतला. गटात कोणी विचारलं तर आता सांगतो, वेल्डिंग चांगलं करतो, सगळं लिहून घे. ज्यांच्या ऑर्डरी फिरल्या त्यांना फोन करून हेच सांगितलं. मुलुंडला स्वतः जाणं मला अजून जमलेलं नाही.

गोवंडीला मात्र तिला घेऊन गेलो. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "तू बघ. मी तोंड उघडणार नाही." ती म्हणाली, "ते बघायला तरी येते."

म्हाताऱ्याने तयार बंपर लावलेली एक गाडी गोदामाच्या उतारावर उभी केली, तोंड खाली आणि बंपर चढाकडे. बायकोने आधी दुरूनच पाहिलं. मग जवळ गेली. दांडा उघडला, पिन खट्कन पडली. तिने हात सोडला आणि मागे सरकली. दांडा जागचा हलला नाही. तिने तो ढकलला, मग खांद्याने रेटला. पिन धरून होती. आता ती वर उचलून दांडा लावायचा होता. तिने उजव्या हाताने पिन ओढली. दोन बोटं वळेनात, पिन निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली.

मी पुढे झालो. "थांब, मी..."

"तू तिथेच उभा राहा," ती म्हणाली. मग म्हाताऱ्याकडे वळली. "काका, हिला मोठी कडी लावा. अख्खा पंजा जाईल एवढी. बोटांनी धरायची नको."

म्हाताऱ्याने सळई घेतली, तापवली, वाकवली, पिनेच्या डोक्यावर वेल्डिंगचा टाका मारला. गार व्हायला पाणी ओतलं. मधल्या वेळात त्याने भाव सांगितला. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक वाट बघत होता. बायको म्हणाली, "आधी उघडून बघू दे."

तिने पंजा कडीत घातला आणि ओढली. पिन वर आली. दांडा तिने स्वतः अंगावर घेत, पाय रोवून, सावकाश आणून लावला. परत उघडला, परत लावला. चार वेळा. चौथ्यांदा दांडा उघडा ठेवून ती दार आणि दांडा यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली, दार उघडलं आणि दोन्ही हात आत घातले. आत काढायला काहीच नव्हतं. ती तशीच उभी होती, आणि मी दोन हात अंतरावर, दांडा धरायला पुढे झालेला हात खाली घ्यायचं विसरून.