बॉल आई ठेवायची

वाकोल्याच्या त्या मैदानावर गवत कधी नव्हतंच. लाल माती, दोन टोकांना गंजके पोल, एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला आमच्या चाळीची मागची भिंत. आता चाळ गेली, तिथे टॉवर आलाय, आणि त्याच्यामुळे चार वाजताच अर्ध्या मैदानावर सावली पडते. तरी फायनलच्या दिवशी माणसं जमतात. आम्ही बोरीवलीला राहायला गेलो त्यालाही बरीच वर्षं झाली, पण फायनल चुकवायची नाही हा आमच्या घरचा कायदा होता. कायदा आईने केलेला, पाळायचा मी.

कारण ती स्पर्धा माझ्या दादाच्या नावाची होती. दादा फुटबॉलचा गोली होता, गोलकीपर. पंचविसाव्या वर्षी हायवेवर बाईकवरून पडला आणि हॉस्पिटलात पोचायच्या आत गेला. त्याच्या टीमच्या पोरांनी पुढच्याच वर्षी स्मृतिचषक सुरू केला. तो जिवंत असताना आईला फुटबॉलचा भयंकर राग. एकदा तिने त्याचे बूट नाल्यात फेकले होते आणि दादाने ते उतरून परत काढले होते. तो गेल्यावर मात्र ती मॅच बघायला शिकली. ऑफसाईड कशाला म्हणतात ते मला आजही नीट सांगता येत नाही, आईला येतं.

आणि एक रीत पडली होती. आम्ही सगळे कोकणातले, त्यामुळे फायनलच्या आधी गोलपोस्टपाशी नारळ फुटायचा, सगळ्यांत म्हातारा माणूस देवाला गाऱ्हाणं घालायचा, आणि दोन्ही टीमची पोरं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. त्यात केरळची, युपीची, गोवंडीची पोरंही असायची, तीही म्हणायची. मग माईकवर दादाचं नाव घेतलं की आई बॉलला हळदकुंकू लावून तो दोन्ही हातांत धरून मैदानाच्या मधोमध चालत जायची आणि खाली ठेवायची. ती फक्कीच्या रेघेबाहेर येईपर्यंत शिट्टी वाजायची नाही. अठरा वर्षं हे चाललं. वर्षभरात ती स्वतःसाठी म्हणून एवढीच एक गोष्ट करायची.

गेल्या वर्षी फायनलच्या महिनाभर आधी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरीचा मला फोन आला. हा दादाबरोबर खेळलेला, आमच्या घरी जेवून मोठा झालेला माणूस. आधी तब्येत वगैरे विचारली. मग म्हणाला, “यार, कसं सांगू तुला. इथल्या एका पुढाऱ्याचे वडील वारले. तो सगळं करायला तयार आहे. मांडव, चषक, पोरांचे ड्रेस, सगळं. फक्त नाव त्याच्या वडिलांचं द्यायचं. तुमची हरकत नाही ना?”

मी ऑफिसात होतो, समोर साहेब बसलेला. पण ते कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. दरवर्षी ती रजा, ती रिक्षा, ते आईचं आदल्या रात्रीचं गप्प होणं, ती शाल-श्रीफळं, आणि मैदानावर भेटेल त्याचं तेच, ‘तुझा भाऊ काय गोली होता रे!’ मी काय होतो ते कुणी कधी विचारलं नाही. मी म्हणालो, “चालेल रे. किती वर्षं करणार तुम्ही तरी.” तो म्हणाला, “आईंना तू सांगशील ना?” मी हो म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते, पण फोन ठेवून मी मजेत चहा प्यालो होतो.

आईला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला. तिचे गुडघे धरले होते, तेव्हा वाटलं, येणारच नाही ती. फायनलच्या दिवशी सकाळी तिने इस्त्रीची सुती साडी काढली, पुडीत हळदकुंकू बांधलं आणि दोन गोळ्या घेऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, “आई, एवढ्या लांब रिक्षात बसशील का? यंदा राहू दे ना.” तिने चपला घातल्या. रिक्षात गोरेगाव आलं, जोगेश्वरी आली, अंधेरी गेली. प्रत्येक सिग्नलला मी तोंड उघडलं आणि बंद केलं. शेवटी ठरवलं, मैदानावर सेक्रेटरी सांगेल. तो बहुतेक समजत होता, मी सांगितलं असेल. असंच चालतं आमच्यात, वाईट बातमी प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलायची आणि स्वतः भला माणूस राहायचं.

मांडव झकास घातला होता. कमानीवर पुढाऱ्याच्या वडिलांचा फोटो होता, पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, तिला फोटो आहे एवढंच दिसलं असावं. “यंदा मोठो केलोहा,” ती खूश होऊन म्हणाली. तो फोटो दादाचा असं तिला वाटलं. सेक्रेटरीने आम्हाला लांबून पाहिलं आणि तो स्टेजच्या मागे गेला. मी तिला कडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पुढच्या सोफ्यावर पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

नारळ फुटला. गाऱ्हाणं झालं नाही, त्याऐवजी ढोल वाजला. मग माईकवरचा माणूस म्हणाला, “आता स्वर्गीय...” आणि आई उठली. पुढचं नाव तिने ऐकलंच नाही. इतकी वर्षं त्या शब्दावर ती उठत आली होती. मी उठेपर्यंत ती रेघ ओलांडून आत गेली होती. गुडघे दुखत असतानाही भराभर चालली. रेफरीच्या हातात बॉल होता. रेफरी बाहेरचा, नवीन होता. आईने त्याच्यापुढे दोन्ही हात केले. तो बॉल पोटाशी धरून स्टेजकडे बघायला लागला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने पुढारी, त्याची आई आणि दहा-बारा माणसं बॉल ठेवायला मैदानात येत होती.

माईकवरच्याने विचारलं, “ह्या आजी कोणाबरोबर आल्यात? कोणाच्या आहेत त्यांनी जरा बाजूला घ्या प्लीज.”

दोन-चारशे माणसं असतील. त्यातली निम्मी तिला ओळखत होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, ही गोलीची आई आहे, बॉल हिला द्या. सात-आठ शब्द. पुढाऱ्याची आईसुद्धा थांबली होती, तिने कदाचित दिलाही असता. मी गेलो, आईचा दंड धरला आणि रेफरीला म्हणालो, “सॉरी हं.”

ती माझ्याबरोबर मुकाट आली. बसल्यावर पदराने तळहात पुसले, पुडीतली हळद लागली होती. शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला.

“तू तेंका सांगलंस, मी कोण ता?” तिने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण तेवढीही हिंमत उरली नव्हती. मी सगळं सांगितलं. फोन, पुढारी, फोटो, मी हो म्हणालो ते. फक्त मला बरं वाटलं होतं ते सांगितलं नाही. मला वाटलं ती रडेल, भांडेल. तिचा आवाजसुद्धा चढला नाही.

“तेचां नाव मी ठेवलंय,” ती म्हणाली. “माका इचारलंस? तू कोण दुसऱ्याक देणारो?”

मी म्हणालो, चल, घरी जाऊ. ती उठली नाही. मॅच पेनल्टीपर्यंत गेली आणि ती शेवटची पेनल्टी होईपर्यंत बसली. दरवर्षी ती गोलीवरून बडबडायची, हा पुढे येतो, ह्याचं लक्ष नाही. त्या दिवशी एक शब्द नाही. परत येताना सेक्रेटरी गेटवर शाल घेऊन उभा होता. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाल न घेता रिक्षात बसली. माझ्या मनात आलं, त्यालासुद्धा हात मिळाला, मला नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. यंदाची फायनल पुढच्या रविवारी आहे आणि घरात कुणी विषय काढलेला नाही. माझं जेवण ती वाढते, औषधं माझ्याच हातून घेते, ऑपरेशनलाही मीच घेऊन गेलो. पण दादाबद्दल ती माझ्याशी बोलत नाही. मावशीला फोन लावते आणि तासभर त्याच्याच गोष्टी चालतात, बूट, नाला, सगळं. परवा मी पाणी प्यायला आत गेलो तर ती हसत होती. मला बघितलं आणि मावशीला म्हणाली, “थांब, मागाहून करतंय फोन.”