पेट्रोलवरची साय

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागं एकदा एका कॅनपायी सुनेची नोकरी घालवत होतो मी!

आमची सून सुनंदा विज्ञान शिकलेली. दोन वर्षं वाट बघून तिला बारामतीच्या एका शाळेतनं मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी म्हणाली, "आबा, स्कूटीत पेट्रोल नाही. निमगाव केतकीला जाताय तर कॅनमधनं आणा."

आणलं की! फक्त कॅन नेला ट्रॅक्टरचा. त्याच्या तळाला डिझेल होतं. जाताना जड लागला, म्हटलं वयानं हात थकले. घरी येऊन वास घेतला, तेव्हा उजेड पडला.

आता सुनेला कुठल्या तोंडानं सांगू? तेवढ्यात ओसरीवर तिचं पाठांतर चाललेलं ऐकू आलं. चार दिवस तेच चाललं होतं. गोठ्यातल्या म्हशीचंसुद्धा पाठ झालं असेल! "कच्चं तेल तापवून उंच टावरात सोडतात. हलकं ते वर जातं, जड ते खाली राहतं. सगळ्यात वर गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि तळाशी डांबर."

हात् तिच्या! हलकं ते वर! म्हणजे पेट्रोल ही तर साय!

पण पेट्रोल चुलीवर? शिकलेलो नसलो तरी येडा न्हाय मी. तापवायला ऊन होतं. आणि टावर? कॅन उचलला अन् शिडीनं पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवला.

म्हातारीनं बघितलंच. "वर काय लपवलंय?"

"गप. हलवू नगंस. वर यायलंय."

"काय वर यायलंय?"

"साय."

"या वयात बाटली धरली व्हय तुमी?"

सकाळी कॅन अलगद खाली आणला. पातेलं कलतं करून साय धरतात ना, तसं वरवरचं हळूहळू स्कूटीत ओतलं. अर्धा तास लागला. घाई कशाला?

नऊला सुनंदा निघाली. पाटाच्या पुलापर्यंत गेली असेल नसेल, गुऱ्हाळासारखा धूर! फट्फट् करून स्कूटी बसली. पोरगी गाडी ढकलत परत आली.

"आबा, पेट्रोलच होतं ना?"

"पेट्रोलच. पण... वरवरचं."

"वरवरचं म्हणजे?"

सगळं सांगून टाकलं. ती घड्याळाकडं बघायची, मग माझ्याकडं. डोळे भरले हो तिचे. अकराला मुलाखत, आणि एसटी गेलेली.

मग काय? काढला ट्रॅक्टर! फायली पोटाशी धरून ती मडगार्डवर बसली. बारामतीपर्यंत इंजिनावर आवाज चढवून माझी शिकवणी!

"आबा, दुधात साखर विरघळली की वर तरंगते का?"

"न्हाय."

"तसंच पेट्रोल डिझेलमध्ये मिसळून जातं! नुसतं ठेवून वेगळं होत नाही. कच्चं तेल उकळून त्याची वाफ करतात. टावर खाली तापलेला, वर गार. जड तेलाची वाफ खालीच थंड होऊन परत तेल होते, हलक्याची पार वरपर्यंत जाते!"

"म्हणून तर टाकीवर चढवला हुता की!"

आधी डोळे वटारले, मग अशी हसली, की फायली पडता पडता राहिल्या.

अकराला दोन मिनिटं असताना फाटकात पोचलो. तासाभरानं बाहेर आली ती हसतच.

"आबा, त्यांनी विचारलं, कच्च्या तेलाचा टावर मुलांना सोप्या भाषेत कसा शिकवाल?"

"मग?"

"मग काय, तुमची साय सांगितली. साहेब हसून हसून खुर्चीतनं पडायचे राहिले!"

नोकरी लागली पोरीला. तो धडा आला, की पहिला दाखला माझाच असतो म्हणे. जन्मात शाळेची पायरी चढलो नाही मी. आता एकदम फळ्यावर चढलोय, आणि खाली लिहिलेलं असतं: 'असं करू नये!'