रोग नसलेल्यांना गोळ्या देणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंची माझी पहिली गाठ आमच्या गल्लीच्या तोंडाशी पडली. खांद्याची पिशवी बघून मला वाटलं, हुपरीची चांदीची पैंजणं विकणारी बाई आली. "पावणं, पैंजण दावा की," मी म्हणाले. ताईंनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. तेव्हा उडालेला माझा गोंधळ, आज ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली तरी निस्तरलेला नाही. गौरवग्रंथाच्या मंडळींनी अक्षरशत्रू म्हातारीकडून लेख मागितला, म्हणजे गोंधळात मी एकटी नाही. मी बोलते आहे, ताईंच्या ऑफिसातल्या बाई लिहून घेत आहेत.

आमच्या गल्लीत धंदा करणाऱ्या बाया राहतात. मीही त्यातलीच. वय झालं तशी त्यांच्यासाठी रांधायला लागले. त्या मला अव्वा म्हणतात. ताई समुपदेशक आहेत. रक्त तपासून जिला एचआयव्ही नाही असं निघतं तिला, पुढेही होऊ नये म्हणून, त्या रोज एक गोळी घ्यायला सांगतात.

"रोग न्हाय तर औषध कशाला?" मी विचारलं.

"अव्वा, घर गळायच्या आधीच कौलं परतून घेता न्हवं?"

"मग निरोध कशाला?"

"तोही पाहिजेच."

"म्हंजे तुमचा दोन्हीवर भरवसा न्हाय."

"माझा गिऱ्हाइकावर भरवसा नाही," ताई म्हणाल्या आणि माझ्याच चुलीपुढं चहाला बसल्या.

ताईंचा स्वभाव मायाळू. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी घरून डबा आणून मला हातानं भरवलं. आमटी अळणी होती, पण डोळ्याला पट्टी असल्यामुळं मीठ मागायला कुठं हात करावा ते कळेना. म्हणून मुकाट गिळली.

ताईंच्या कामाला हातभार लावावा म्हणून मी एक शिस्त घातली. सांजवात झाली की सगळ्यांनी स्वयंपाकघरात रांगेनं यायचं, माझ्यासमोर गोळी गिळायची आणि आ करून दाखवायचा. एकदा ताईंनी ते बघितलं. शाबासकी मिळेल म्हणून मी पदर सारखा केला.

"अव्वा, हे बंद करा."

"आता काय म्हणावं ह्या बाईला. गोळी चुकू नये म्हणून तुमीच जीव काढताय न्हवं?"

"व्हय. पण गोळी त्यांची, तोंडही त्यांचं."

मग त्यांनी मला कोथिंबीर आणायला धाडलं. घरात कोथिंबिरीची जुडी पडली होती. मी तरीही गेले. परत आले तर ताई आणि माला उंबऱ्यावर बसलेल्या, आणि मालाचे डोळे लाल. माला दोन लेकरांची आई. रांगेत सगळ्यात मोठा आ करायची तीच.

काय झालं ते ताईंनी मला सांगितलं नाही. पुढं मालानंच सांगितलं. गोळी जिभेखाली धरून ती मोरीत थुंकत होती. कबनूरला यंत्रमागावर काम करणारा तिचा एक नेहमीचा माणूस होता. त्यानं बाटली बघितली, आणि हे तर रोग झालेल्यांचं औषध, असं त्याला कुणीतरी सांगितलं. तो यायचा बंद झाला तर लेकरांना बाप म्हणून दाखवायलाही कुणी उरणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. निरोधाला तो पहिल्यापासून नाखूश. म्हणजे कौलंही नाहीत आणि छत्रीही नाही.

ताईंनी तिला एका शब्दानं दुखावलं नाही. मालानं हो म्हटल्यावरच ताई त्या माणसाला भेटल्या, चहाच्या गाड्यावर बसवून समजावलं. "रोग न्हाय तर औषध कशाला?" असं त्यानंही विचारलं म्हणे. त्या दिवसापासून मला तो माणूस बरा वाटतो.

मालाचं रक्त पुन्हा तपासायचं ठरलं. ती दवाखान्यातून येईपर्यंत मी भाकरी थापत होते, आणि सगळ्या करपवल्या. आधी ताई आत आल्या.

"काय निघालं?"

"मालाला विचारा."

"मी तिला जेवू घालते."

"तरीपण मालाला विचारा."

मला एवढा राग आला की मी ताईंना चहासुद्धा विचारला नाही. मागून माला आली. करपलेली भाकरी उचलून खायला लागली. "न्हाय निघालं, अव्वा," म्हणाली. "गोळी परत चालू करतीया. पण तुमी बघायचं न्हाय."

मी बघत नाही. रांगेत माझ्या नजरेसमोर गोळी वाया जात होती आणि आता नजरेआड पोटात जाते, हे कसं ते मला कळत नाही. रोज जाते का, तेही ठाऊक नाही. माला सांगत नाही, ताई तर नाहीच नाही. पण तपासणीच्या दिवशी ती आपणहून लवकर उठून जाते, आणि रक्त काढताना ताईंनीच शेजारी बसावं म्हणून हटून बसते.

तेव्हा आई अंबाबाई सुनंदाताईंना उदंड आणि ठणठणीत आयुष्य देवो, गुडघे शाबूत ठेवो, आणि आमच्या दारात त्यांची पिशवी येत राहो. मला सगळं सांगणाऱ्या बाया गल्लीत पुष्कळ आहेत. माला मात्र खरं बोलली ती मला काही न सांगणाऱ्या बाईजवळ.